अनुक्रमणिकेचे पान : आमच्या मांडणी कार्यालयाची वाटचाल

आमच्या कार्यालयाला तीस वर्षे उलटून गेली. या काळात आम्ही लग्नपत्रिकांपासून प्रबंधांपर्यंत सर्व काही जुळवले. परंतु आमची ओळख झाली ती संगीतविषयक नियतकालिकांच्या अनुक्रमणिकेमुळे, आणि कार्यालय बुडायला आले तेही त्याच पानामुळे, म्हणून हा वृत्तांत त्या एका पानापुरताच लिहीत आहे.

१९९२ साली पुण्यात नारायण पेठेतील एका वाड्याच्या माडीवर आम्ही दोघांनी काम सुरू केले. माझे भागीदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते आणि त्यांची उमेदीची वर्षे खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) केसपुढे, म्हणजे खणांच्या पेटीपुढे, उभे राहून जुळारीपणात गेली होती. माझ्याजवळ एक संगणक, पाने मांडण्याचे पेजमेकर सॉफ्टवेअर आणि हप्त्याने घेतलेला लेझर प्रिंटर होता. त्यांच्याजवळ पायका आणि पॉइंट या छपाईतील दोन्ही मापांच्या खुणा असलेली पोलादी पट्टी, एक भिंग आणि बारीक धारेचा कटर होता. ब्रोमाइडवरून, म्हणजे मजकूर उतरवलेल्या फोटोकागदावरून, ओळ कापून ती रबर सोल्यूशनने अर्धा पॉइंट वर चिकटवण्यात त्यांचा हात असा बसलेला होता की, पुढे पडद्यावर तेच काम करताना मी नकळत त्यांच्या पट्टीचाच अंदाज घेत असे. ती पट्टी आजही माझ्या टेबलावर आहे, आणि पडद्यावरील मापावर विसंबण्यापूर्वी मी छापील प्रुफावर तीच ठेवून पाहतो.

आमचे पहिले कायमचे काम एका संगीतविषयक मासिकाचे होते. त्याच्या अनुक्रमणिकेची रचना आपल्याकडील वाङ्मयीन मासिकांतून जशीच्या तशी आलेली होती : डावीकडे लेखाचे शीर्षक, मध्ये टिपक्यांची ओळ, मग ठळक अक्षरांत लेखकाचे नाव आणि उजव्या टोकाला पृष्ठांक. कथा-कवितांच्या अंकाला ही रचना शोभते, कारण तेथे वाचक लेखकाला शोधत असतो. संगीताच्या अंकात मात्र वाचक गायकाला किंवा वादकाला शोधतो. ‘एक स्वरयात्रा’ किंवा ‘नादब्रह्माचा उपासक’ अशा शीर्षकाखाली लेख नक्की कोणावर आहे हे पान उघडल्याशिवाय कळत नसे. ज्याच्यासाठी अंक विकत घेतला, त्या कलाकाराचेच नाव अनुक्रमणिकेत नसावे, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली.

त्याच सुमारास मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मला जुन्या इंग्रजी संगीतपत्रिकांचा गठ्ठा मिळाला, आणि पुढील काही वर्षे मिळतील तशी आणखी भर पडत गेली. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या ‘एनएमई’च्या, विशेषतः २००० नंतरच्या अंकांत, अनुक्रमणिकेच्या कडेला कलाकारांची स्वतंत्र सूची असे : वाद्यवृंदाचे नाव, पुढे पृष्ठांक, मध्ये एकही विशेषण नाही. १९८६ साली निघालेल्या ‘क्यू’मध्ये लाल चौकोनातील बोधचिन्ह अनुक्रमणिकेवरही येई, आणि त्या अंकापुरते लेख व दर महिन्याची सदरे यांची विभागणी स्पष्ट असे. दोघांतही समान सूत्र होते. मुखपृष्ठावरील कलाकाराचे चित्र अनुक्रमणिकेत सर्वांत मोठे, त्या चित्रावरच पृष्ठांक, आणि नोंदीत आधी कलाकाराचे नाव ठळक व नंतर लेखाचे सार एका वाक्यात. अमेरिकेत १९६७ साली निघालेल्या ‘रोलिंग स्टोन’ने पानांभोवती जाड-बारीक दुहेरी रूळ, म्हणजे चौकटीची रेघ, दीर्घकाळ राखला होता. तो पाहून माझे भागीदार आनंदले, कारण असाच पितळी रूळ त्यांनी छापखान्यात हजारो वेळा बसवला होता.

या नियमांना धक्का देणारेही होते. ‘एनएमई’चे माजी संपादक निक लोगन यांनी १९८० साली काढलेल्या ‘द फेस’ मासिकामध्ये मांडणीकार नेव्हिल ब्रॉडी यांनी ‘कंटेंट्स’ हे शीर्षकच अंकागणिक थोडेथोडे मोडत नेले, इतके की शेवटी अक्षरे उरली नाहीत, केवळ आकार उरले. वाचक अडखळला नाही, कारण ते शीर्षक तो वाचत नव्हताच. पानाचे स्थान आणि पृष्ठांकांचा स्तंभ यांवरूनच त्याला पान ओळखू येत होते. अनुक्रमणिकेविषयी यापेक्षा मोठा धडा मला कोणी दिलेला नाही. कॅलिफोर्नियात १९९२ साली निघालेल्या ‘रे गन’मध्ये मांडणीकार डेव्हिड कार्सन यांनी गायक ब्रायन फेरी यांची एक मुलाखत सबंध, अक्षरांऐवजी चिन्हे उमटणाऱ्या फॉन्टमध्ये जुळवली होती. त्या धाडसाचे कौतुक मी करतो, पण पुण्यातील वर्गणीदाराच्या हाती तसा अंक देण्याचे धैर्य माझ्यात नाही आणि ते असावे असेही मला वाटत नाही.

आम्ही ठरवले की नोंद कलाकाराच्या नावाने सुरू होईल, त्याखाली लहान अक्षरांत शीर्षक व लेखक येतील, आणि पृष्ठांक उजव्या टोकाऐवजी नावाच्या डावीकडे, स्वतंत्र स्तंभात बसतील. टिपक्यांची गरजच संपली. परंतु इंग्रजीतील मापे देवनागरीला चालत नाहीत. शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते, म्हणून दोन ओळींतील अंतर वाढवावे लागले. ‘पं.’, ‘उस्ताद’, ‘विदुषी’ ही संबोधने ठळक ठेवली तर सगळी नावे सारखीच दिसू लागत, म्हणून ती बारीक वजनात, म्हणजे पातळ रेषेच्या अक्षरांत, घेतली. आमच्या फॉन्टमधील मराठी आकड्यांची रुंदी एकसारखी नव्हती. ‘१’ अरुंद असल्याने ११ आणि ४८ एकाखाली एक नीट बसत नसत. भागीदारांनी प्रत्येक आकड्यासाठी मोकळ्या जागेचे कोष्टक वहीत लिहून ठेवले होते, आणि ते आम्ही वर्षानुवर्षे वापरले.

कलाकारसूचीने तर आमची परीक्षाच पाहिली. युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांचे जागतिक सांकेतीकरण रूढ होण्यापूर्वीच्या, फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई, त्यामुळे संगणकाला वर्णानुक्रम लावायला सांगितले की किशोरी आमोणकर, निखिल बॅनर्जी आणि शिवकुमार शर्मा एकाच गटात येऊन बसत. शेवटी आम्ही पुठ्ठ्याची कार्डे केली आणि सूची हातानेच लावली. नावे आडनावाने न लावता मूळ नावाने लावली, कारण आपला श्रोता भीमसेनांना ‘भ’मध्ये आणि मल्लिकार्जुनांना ‘म’मध्ये शोधतो.

पहिला अंक निघताच लेखक नाराज झाले. आपले नाव बारीक झाले, अशी पत्रे आली. त्या वेळी मासिकाचे संपादक आमच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी प्रत्येक पत्राला स्वतःच्या हाताने उत्तर लिहिले, मानधन उशिरा झाले तर स्वतः माडी चढून येऊन दिले, आणि पान छापायला जाण्यापूर्वी पेन्सिलीने एकेका पृष्ठांकावर खूण केल्याशिवाय सही केली नाही. असा ग्राहक व्यवसायात एकदाच मिळतो. पुढील काही वर्षे काम वाढत गेले.

२००९ साली एका दुसऱ्या प्रकाशनाच्या संगीतविशेषांकात संकट आले. पहिल्या फर्म्याच्या (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाच्या) प्लेटा छपाईला गेल्यावर, रात्री, आर्ट पेपरची चार जाहिरातपाने मध्ये घालण्याचे त्यांच्याकडून दूरध्वनीवर कळले आणि त्या पानांना क्रमांक देण्याचेही ठरले. त्यापुढील प्रत्येक पृष्ठांक चारने सरकला. मी त्याच क्षणी अनुक्रमणिकेची प्लेट थांबवण्यास सांगितले होते. नंतर असे काही बोलणे झालेच नाही, असे मला तोंडावर सांगण्यात आले. तीन हजार प्रतींची अनुक्रमणिका चुकली. आम्ही पहिला फर्मा स्वखर्चाने पुन्हा छापून दिला, तरी आमचे संपूर्ण येणे अडवले गेले, आणि त्यापुढची कामे दुसरीकडे गेली. भागीदारांनी त्या वर्षी आपली जागेतील रक्कम काढून घेतली नाही, म्हणूनच कार्यालय टिकले.

ते काम ज्यांच्याकडे गेले, त्यांचे प्रमुख आमच्याच टेबलावर शिकले होते. त्यांनी आमची मांडणी जशीच्या तशी उचलली आणि एका स्पर्धेत तिला उत्कृष्ट मांडणीचे पारितोषिकही मिळवले. काही वर्षांनी त्यांची एक फाइल दुरुस्तीसाठी फिरत फिरत आमच्याकडे आली. तिच्यातील शैलींची नावे ‘अनु-मोठे’, ‘अनु-बारीक’ अशी होती. ती माझ्या भागीदारांनी दिलेली होती, आणि ‘१’च्या डावीकडील मोकळ्या जागेचे मापही त्यांच्याच वहीतील होते. पारितोषिकाच्या बातमीत माझ्या भागीदारांचा उल्लेख नव्हता, आणि ती बातमी त्यांनी वाचली होती. याचे दुःख मला आजही आहे.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना मी सांगेन की अनुक्रमणिकेतून पानाकडे जाऊन तपासू नये. बांधलेल्या डमीचे, म्हणजे नमुना प्रतीचे, एकेक पान उलटत, पानाकडून अनुक्रमणिकेकडे यावे, म्हणजे सुटलेली नोंदही सापडते. जाहिरातीचा बदल दूरध्वनीवर कधीही स्वीकारू नये. आकड्यांची रुंदी समान असलेला फॉन्ट आधी निवडावा आणि मगच रंगांचा विचार करावा. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरने २०१२ पासून देवनागरी नीट हाताळायला सुरुवात केली, युनिकोडमुळे वर्णानुक्रमही लागतो, तरी ‘पं.’ काढून टाकल्याशिवाय सर्व पंडित ‘प’मध्येच जमतात, हे ध्यानात ठेवावे.

त्या पहिल्या मासिकाचे संपादक आता निवृत्त झाले आहेत आणि त्यांची दृष्टी अधू झाली आहे. अंक तयार झाला की ते मला दूरध्वनी करतात आणि अनुक्रमणिका वाचून दाखवायला सांगतात. मी आधी कलाकाराचे नाव वाचतो, मग विषय, मग लेखक, आणि प्रत्येक नोंदीनंतर थांबतो. पलीकडून ते पृष्ठांक पुन्हा उच्चारतात, आणि मग मी पुढच्या नावाकडे वळतो.