जर्मनीचा व्हिसा मिळाल्यानंतरची कागदपत्रे

जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलांना मिळणारा बहुतेक सल्ला पासपोर्टवर व्हिसा लागेपर्यंतचाच असतो. एजंटचे काम तिथे संपते, घरी पेढे वाटले जातात आणि आता केवळ विमानात बसायचे राहिले आहे असा सर्वांचा समज होतो. वस्तुतः हा व्हिसा देशात प्रवेश करण्यासाठी आणि सुरुवातीचे काही महिने राहण्यासाठी असतो. त्यापुढच्या शिक्षणासाठी लागणारा रेसिडेन्स परमिट, म्हणजे वास्तव्याचा परवाना, आपण ज्या शहरात राहू तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे स्वतंत्र अर्ज करून घ्यावा लागतो. मी जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेतले, आणि नंतर आलेल्या मावसभावाची व त्याच्या मित्रांची कागदपत्रे पाहण्याचे कामही माझ्याकडे आले. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की, खरी दक्षता या दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवावी.

पहिल्या टप्प्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची माहिती भरपूर मिळते. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जासोबत एपीएस प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचे शुल्क १८,००० रुपये असून, आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत याची ती पडताळणी असते. शिष्यवृत्ती किंवा हमीदार नसेल तर वर्षभराच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँक खात्यात, आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे रुपयांत दहा-बारा लाखांच्या घरात आहे, आणि तिथे पोहोचल्यावर ती दरमहा ९९२ युरो याप्रमाणे आपल्याला परत मिळते. हे पैसे राहण्या-जेवण्यासाठी आहेत, हे पालकांना स्पष्ट सांगावे लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातील सरकारी विद्यापीठे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १,५०० युरो शुल्क घेतात, ते यात धरलेले नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो, आणि वडिलांचे नाव कुणाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून येते तर कुणाच्या येतच नाही. विद्यापीठाचा प्रवेश, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट आणि विमा या चारही ठिकाणी पासपोर्टवर आहे तसेच नाव भरावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवावे. जुलै २०२५ पासून, व्हिसा नाकारला गेल्यास तो नाकारणाऱ्या कार्यालयाकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद झाली आहे. नवा अर्ज करणे किंवा जर्मनीतील न्यायालयात जाणे एवढेच मार्ग उरले आहेत. त्यामुळे पहिलाच अर्ज बिनचूक असलेला बरा.

आता दुसऱ्या टप्प्याविषयी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. सगळेजण तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक फॉर्म लागतो, आणि नेमकी इथेच अडचण येते. काही मालक किंवा मूळ भाडेकरू खोली देतात, परंतु हा फॉर्म देण्यास नकार देतात. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण पत्त्याची नोंद नसेल तर परमिटचा अर्जही अडतो. दुसरे म्हणजे, पत्रपेटीवर आपले आडनाव असलेच पाहिजे. पुण्यातल्या पाट्यांची आपण थट्टा करतो, परंतु इथे पत्रपेटीवर पाटी नसेल तर पोस्टमन पत्र सरळ परत नेतो. आणि करक्रमांक, विम्याचे कार्ड व परमिटच्या कार्डाचा पिन हे सारे पोस्टानेच येते.

विम्याचा निर्णय घाईने घेऊ नये. तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सरकारी योजनेतील विमा सवलतीच्या दरात मिळतो. खासगी विमा त्याहून स्वस्त दिसतो म्हणून एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही.

परमिटच्या अर्जाला पत्त्याची नोंद, विद्यापीठाचा दाखला, विमा, खर्चाचा पुरावा आणि फोटो लागतात, आणि शुल्क १०० युरोंपर्यंत असते. कागद जमवणे त्या मानाने सोपे आहे. भेटीची वेळ मिळणे कठीण. अनेक शहरांत महिनोन् महिने थांबावे लागते आणि ईमेलला उत्तर येत नाही. येथे कायद्यातली एक तरतूद उपयोगी पडते: व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोहोचलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत आपले वास्तव्य पूर्वीच्याच अटींवर कायदेशीर मानले जाते. म्हणून भेटीची वाट पाहत बसू नये. ऑनलाइन किंवा पोस्टाने आधी अर्ज करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. मधल्या काळासाठी फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग नावाचे तात्पुरते प्रमाणपत्र मागता येते. ते हातात घेऊन दिवाळीला घरी यायचे असेल, तर आतल्या तिसऱ्या पानावरील तीन चौकटींपैकी तिसऱ्या चौकटीवर खूण आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहून घ्यावे. जर्मनीत पुन्हा प्रवेश मिळणे त्या खुणेवर अवलंबून असते.

परमिट साधारणपणे दोन वर्षांचा मिळतो. मार्च २०२४ पासून त्यावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि विद्यापीठातील सहायकाचे काम त्यात मोजले जात नाही. मुदतवाढीच्या वेळी खर्चाचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो आणि अभ्यासाची प्रगतीही पाहिली जाते. त्यामुळे ब्लॉक्ड अकाउंट रिकामे झाल्यावर दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठून येणार, याचा विचार भारतातून निघण्यापूर्वीच झालेला असावा. अर्धवेळ कामातून सगळे भागेल, असे सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

शेवटी पासपोर्टबद्दल. परमिटची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. पासपोर्ट दीड-दोन वर्षांत संपणार असेल, तर त्याचे नूतनीकरण व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वी पुण्यात किंवा मुंबईतच करून घ्यावे. जर्मनीत गेल्यावर ते भारतीय दूतावासामार्फत करावे लागते, आणि त्यानंतर नव्या पासपोर्टसाठी परमिटचे कार्डही पुन्हा काढावे लागते.