लिंबूटिंबूच्या हातातला कंट्रोलर

आमच्या मुलांना नाशिक म्हणजे पाऊस एवढंच ठाऊक आहे. आम्ही राहतो त्या श्टुटगार्टमध्ये शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटाला लागते ती सप्टेंबरपर्यंत. त्यामुळे द्राक्षांचे दिवस त्यांनी कधी पाहिलेलेच नाहीत. या वेळी येऊन चार दिवस होतात न होतात तोच गंगापूर धरणातून पाणी सोडलं. बाबा दोघांना रेनकोट घालून गोदेवर घेऊन गेले, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलंय ते दाखवायला. नाशिककराला पुराचं माप हेच! धाकटा परतला तो थेट स्वयंपाकघरात. ओल्या हातांनी आजीचा पदर धरून सांगायला लागला, "आजी, मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी होतं!"

पण पूर रोज नसतो आणि पाऊस रोज असतो. जेल रोडच्या दोन खोल्यांत सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा दिवसभर किती चित्रं काढणार? शेवटी सामानातून आणलेला व्हिडिओ गेम बाबांच्या टीव्हीला जोडला. त्याच संध्याकाळी वहिनी आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही स्वतःहून आणून दिलात? आम्ही तर लपवून ठेवतो गं."

तिने टोमणा मारला नव्हता. तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे, समोर फोन धरल्याशिवाय घास घेत नाही आणि ती खरोखर काळजीत आहे. तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता तिला अर्धवटच काहीतरी सांगितलं. नीट सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

सुरुवात पंचवटीतल्या काकांच्या वाड्यापासून करावी लागेल. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांच्याकडे व्हिडिओ गेम आला. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या मशीनची नक्कल केलेली स्वस्त मशीनं तेव्हा सर्रास मिळायची. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर शेकड्यांनी गेमचे आकडे छापलेले आणि आत फिरून फिरून तेच पाच-सहा. चुलतभाऊ तासन् तास गाड्यांची शर्यत खेळायचा. मी फारच मागे लागले की दुसरा कंट्रोलर माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "ती लाल गाडी तुझी." मी जीव तोडून बटणं दाबायचे. लाल गाडी पळायची, वळायची, कधी दादाच्या पुढे जायची. सगळी सुट्टी मी ती गाडी चालवली. एक दिवस काकूने केर काढायला चटई उचलली आणि खाली माझ्या कंट्रोलरची वायर गुंडाळी करून ठेवलेली दिसली. ती मशीनला कधी लावलेलीच नव्हती.

दादावर माझा राग नाही, तोही लहानच होता. पण चटई हातात धरून उभी राहिलेली काकू आणि ती काळी गुंडाळी मला आजही जशीच्या तशी दिसते.

आणि गंमत बघा, हाच दादा वाड्याच्या चौकात माझ्याशी असं कधी वागला नाही. लपाछपीत, लगोरीत मी लिंबूटिंबू होते. मला आउट धरायचे नाहीत, माझ्यावर राज्य यायचं नाही, पण पळायचे मी खरीच. चेंडू मला खराच लागायचा. मोठी मुलं मला मध्ये घेऊन खेळायची आणि त्यातूनच मी नियम शिकले, मग एका सुट्टीत कोणीतरी म्हणालं, "आता हिच्यावर राज्य येणार हं." तो दिवस मला दहावीच्या निकालापेक्षा जास्त लख्ख आठवतो.

माझ्या मुलांना व्हिडिओ गेम द्यायचा तर चौकातल्यासारखा द्यायचा, चटईखालच्या वायरीसारखा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं असं म्हणणार नाही. पण थोरली मागायला लागली तेव्हा मला आठवला तो चौकच.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही जर्मनीला आलो. कंपनी तीच बॉश, सातपूरला जिला सगळे अजून मायकोच म्हणतात. थोरली इथेच जन्मली. साडेपाच वर्षांची होईपर्यंत आम्ही तिला गेम दिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ सालचं सांगणं असं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही दोन ते पाच वर्षांसाठी हेच सांगतात, तेही मोठं माणूस सोबत असताना. आणि दोन वर्षांच्या आत, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल सोडला तर काहीच नको. वहिनी, हा कॉलचा अपवाद तुला-मला फार उपयोगाचा आहे.

जर्मनीत गेमच्या प्रत्येक खोक्यावर वयाची चौकोनी खूण असते. पांढरी ०, पिवळी ६, हिरवी १२, निळी १६, लाल १८. यूएसके नावाची संस्था १९९४पासून हे काम करते आणि २००३पासून त्याला कायद्याचा आधार आहे. २०२३पासून तर आत काय काय विकायला ठेवलंय, पैसे घेऊन नशिबाच्या पेट्या उघडायला लावतात का, याचाही विचार होतो. आमच्या भागातल्या वाचनालयात पुस्तकांच्या शेजारी गेमचीही मांडणी असते, घरी नेता येतात. मी निर्धास्त होऊन पांढऱ्या शून्याचा एक गेम उचलला, शेतीचा, मुखपृष्ठावर ट्रॅक्टर. थोरलीला मामाच्या निफाडच्या शेतावरचा ट्रॅक्टर फार आवडतो. घरी येऊन लावला तर सगळीकडे याद्या, नांगराची जोडणी, बँकेचं कर्ज. पोरगी दहा मिनिटं शेताच्या कडेला उभी राहिली आणि रडायला लागली.

ती खूण सांगते की यात मुलाला अपाय होईल असं काही नाही. मुलाला ते जमेल का, आवडेल का, हे ती सांगत नाही. ते आईबापांनी आधी खेळून बघायचं असतं. तेव्हापासून कुठलाही गेम मुलांच्या हातात जाण्याआधी एक रात्र आम्ही दोघं खेळतो.

मग मारिओ कार्ट ८ डिलक्स हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आला, आणि त्यात मला लिंबूटिंबू सापडला. खरंच सापडला! या गेममध्ये लहान मुलांसाठी दोन सोयी आहेत. एक चालू केली की गाडी आपोआप वेग घेते, बटण धरून ठेवावं लागत नाही. दुसरी चालू केली की गाडी रस्त्याच्या कडेला जायला लागली तर हलकेच आत ओढली जाते, खाली पडत नाही. ती चालू असली की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना उभी राहते. आमच्याकडे तिला शेपटी म्हणतात. गाडी मात्र मूलच चालवतं. डावीकडे वळवलं तर डावीकडेच जाते, केळ्याची साल टाकली तर मागच्याची गाडी खरीच घसरते. आणि शेपटीवाल्याला काही आडवाटा मिळत नाहीत. त्या हव्या असतील तर शेपटी काढायची आणि पडायची तयारी ठेवायची. आमच्या चौकातले नियम कोणी जपानमध्ये बसून लिहून काढलेत असं मला वाटलं.

आमच्या मशीनच्या, म्हणजे निन्टेंडो स्विचच्या, कंट्रोलरचे दोन तुकडे होतात, तळहातात मावतील एवढे, मनगटात अडकवायला दोरीसकट. एक थोरलीला, एक मला. जमिनीवर बसून, मांडीला मांडी लावून.

वेळेचं काय? पहिल्या महिन्यात आम्ही चुकलो. फोनवरून १५ मिनिटांची मर्यादा लावली होती. शर्यत रंगात आलेली असताना पडद्यावर सूचना आली आणि थोरली हमसून हमसून रडली. नवरा म्हणाला, बघ, सवय लागली. मला तसं वाटलं नाही. लगोरी रचून शेवटचा दगड ठेवताना आईची हाक आली की आम्हीही असेच रडायचो, आणि आई वरून म्हणायची, "बरं, हा डाव संपवून ये." त्या दिवसापासून आम्ही मिनिटं सोडली आणि डाव मोजायला लागलो. या गेममध्ये चार शर्यतींचा एक कप असतो, साधारण बारा-पंधरा मिनिटांचा. एक कप म्हणजे एक डाव. एरवी दिवसाला एक, रविवारी दोन. कप संपला की बक्षीस समारंभ होतो, कागदाचे तुकडे उडतात आणि पोरांना कळतं की संपलं. त्यानंतर रडणं जवळजवळ थांबलंच. सहा वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही, पण डाव कळतो.

मध्येच शू लागली, आजीचा फोन आला, तर आमच्याकडे टाइमप्लीज मिळतं. पॉजच्या बटणाचं नावच ते. यामुळेच परक्या माणसांशी इंटरनेटवरून खेळायचे गेम इतक्या लहानपणी नकोत असं माझं पक्कं मत आहे. त्यात टाइमप्लीज नसतं. समोरचा थांबत नाही, मग मूलही उठत नाही, आणि आपण म्हणतो ते ऐकत नाही.

बर्लिनला कार्ल-मार्क्स-आले या रस्त्यावर व्हिडिओ गेमचं संग्रहालय आहे, गेल्या वर्षी तिथे गेलो होतो. घरच्या टीव्हीला जोडायचं जगातलं पहिलं मशीन राल्फ बेअर यांनी तयार केलं. जर्मनीतल्या पिरमासेन्स गावात १९२२ साली एका ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. १९३८मध्ये घरच्यांबरोबर त्यांना देश सोडून अमेरिकेला जावं लागलं. त्यांचं ओडिसी हे मशीन १९७२ साली विक्रीला आलं. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके, म्हणून टीव्हीच्या काचेवर लावायला रंगीत पारदर्शक चित्रं सोबत यायची. खोक्यात फासे होते, पत्ते होते. गुण मोजायची सोय मशीनमध्ये नव्हती, ते कागदावर आपले आपण लिहायचे. थोरलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग खोटं कोणी लिहिलं तर?" म्हणजे शेजारी माणूस हवाच, लक्ष ठेवायला आणि भांडायला. व्हिडिओ गेम घरात आला तो असा, पत्ते आणि फाशांच्या सोबतीने. एकट्याने मान खाली घालून बसायची वस्तू तो फार नंतर झाला.

आता वहिनी, तुझ्या मुद्द्याकडे येते. या सुट्टीत एका घरी जेवायला गेलो होतो. मोठ्यांच्या गप्पा चालल्या होत्या म्हणून कोणीतरी प्रेमाने धाकट्याच्या हातात फोन दिला, फुकटचा एक गेम लावून. अर्ध्या तासाने मी बघितलं तर त्यात एक लाकडी पेटी, तिच्यावर घड्याळ. पेटी उघडायला आठ तास, नाहीतर हिरे द्या, हिरे हवेत तर पैसे द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला धाकटा माझ्या गालावर हात ठेवून उभा. "आई, पेटी उघडली असेल का?" पुढचे तीन दिवस तो जेवताना, आंघोळीला, आजीच्या मांडीवर तेच विचारत होता. चार वर्षांचं पोर आहे. त्याच्या झोपेत घड्याळ लावून ठेवणाऱ्या माणसांचा मला मनापासून संताप येतो. आपल्या मराठीत रडीचा डाव म्हणतात तो हाच, फक्त इथे मोठी माणसं लहान मुलांशी खेळतायत.

तो गेम फुकट होता आणि आमचा विकतचा, तोही महाग, हे मला मान्य आहे. पण एकदा पैसे दिल्यावर आमच्या या गेमने धाकट्याकडे काही मागितलेलं नाही. तो पहाटे बोलावत नाही. कपाटात ठेवला की कपाटात असतो. तू फोन लपवतेस ते बरोबरच आहे, तो फोन लपवण्यासारखाच आहे. तुमच्या घरी टीव्ही आहे, दादाचं जुनं मशीन माळ्यावर असेल. तेही चालेल. फक्त दोन्ही वायरी लावा आणि शेजारी बसा.

बाबांचं सांगायचं राहिलं. नोट प्रेसमध्ये ३४ वर्षं काढलेला माणूस, एकेक कागद बोटांनी पारखायची सवय. पहिले दोन दिवस ते पेपर वाचत बसले. तिसऱ्या दिवशी थोरलीने कंट्रोलर आणून त्यांच्या मनगटात दोरी अडकवली, नीट ओढून घट्ट केली आणि जाहीर केलं, "आजोबा लिंबूटिंबू." त्यांच्या गाडीला शेपटी लावली. बाबा वळताना कंट्रोलरबरोबर स्वतःही सोफ्यावर वळायचे, पार आईच्या खांद्यावर जायचे. बारा गाड्यांत बारावे. पण उठले नाहीत.

रोज दुपारी चहा झाला की एक डाव, असं ठरलं. आई खेळत नाही, पण कोण कितवा आला ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवते. परवा आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी चष्मा पुसला आणि थोरलीला म्हणाले, "आज ती शेपटी काढ."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग काढली.

पहिल्याच वळणावर त्यांची गाडी थेट पाण्यात गेली. या गेममध्ये पाण्यात पडलं की ढगावर बसलेलं एक कासव येतं आणि गळ टाकून गाडी वर काढतं. बाबांना ते माहीत नव्हतं, शेपटीमुळे ते कधी पडलेच नव्हते. ते घाबरून सगळी बटणं दाबायला लागले. धाकट्याने आपला कंट्रोलर खाली ठेवला, स्वतःची गाडी भर रस्त्यात सोडली आणि आजोबांच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "थांबा आजोबा, तो येतो काढायला."