पुढून आखूड

सेल्सचा पोरगा काचेचं दार ढकलून माझ्या केबिनमध्ये आला, तेव्हा त्याच्या तोंडावरूनच कळलं की स्वारी काहीतरी नको ते घेऊन आलीय. मागे एक बाई. साठीच्या आसपास, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी.

"सर, मॅडमना वर्कशॉप बघायचंय." मग जवळ येऊन हळूच, "गाडी अजून बुक केलेली नाही. आधी वर्कशॉप म्हणतायत."

वर्कशॉप मॅनेजर म्हणून तेव्हा मला अकरा वर्षं झाली होती. गाडी घेण्याआधी वर्कशॉप बघायला आलेलं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. लोक शोरूममध्ये येतात, सीटच्या लेदरवरून हात फिरवतात, दारातल्या दिव्याचे रंग बदलून बघतात, दार लावतानाचा तो 'धप्' आवाज दोनदा ऐकतात आणि सही करतात. वर्कशॉपशी गाठ पडते ती पहिल्या तक्रारीला.

बाईंनी कारण सांगितलं. त्यांचा शिवणाचा कारखाना होता, बत्तीस वर्षं चालवून नुकताच भाचीच्या हाती दिला होता. "मशीन विकायला येणारे सगळेच गोड बोलतात हो. टाका सुटायला लागला की कोण येतो, किती वेळात येतो, ते विचारून मी मशीन घ्यायची. गाडी म्हणजे मोठं मशीनच की."

दोन सेडानांवर येऊन त्या थांबल्या होत्या. एक आमची, दुसरी दुसऱ्या कंपनीची. ताकद जवळपास सारखी. त्या गाडीत मागच्या सीटवर पाय पसरायला बोटभर जागा जास्त, आमच्या गाडीचं स्टिअरिंग हलकं. कागदावर निवड होत नव्हती, म्हणून दोन्हीकडची वर्कशॉपं बघायला निघाल्या होत्या. पहिलाच प्रश्न असा आला की मी खुर्चीत सरळ झालो.

"तुमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस उभी असलेली गाडी कुठली?"

कोपऱ्यात कव्हर घातलेली एक होती. हेडलॅम्प यायचा होता, तेविसावा दिवस. हल्लीच्या बऱ्याच हेडलॅम्पमध्ये स्वतःचं कंट्रोल युनिट असतं. नुसती काच फुटली तरी बहुतेक वेळा अख्खा दिवा मागवावा लागतो, आणि तो कंपनीच्या गोदामात नसेल तर आम्ही फक्त मेल पाठवत बसतो. मी ते सांगितलं. बाईंनी वहीत २३ लिहिलं. सेल्सचा पोरगा आढ्याकडे बघायला लागला.

"मी तासभर इथे बसू का? कुणाला त्रास देणार नाही."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. एका टेक्निशियनने त्यांना पिवळ्या पट्टीच्या अलीकडे स्टूल दिलं.

त्याच सकाळी चौथ्या बेला, म्हणजे दुरुस्तीला गाडी लावायच्या चार नंबरच्या जागेला, एक नवी सेडान तिसऱ्यांदा आली होती. तीन आठवड्यांची, अकराशे किलोमीटर चाललेली. मालक डॉक्टर. तक्रार तीनही वेळा एकच: गाडी टणक चालते, पुढून आदळते. पहिल्या वेळी आम्ही हवा तपासून दिली. दुसऱ्या वेळी आमच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने चक्कर मारून आणली आणि जॉब कार्डावर लिहिलं, 'दोष आढळला नाही'. वर डॉक्टरांना समजावलं, की सर, लो प्रोफाइल टायर आहेत, सस्पेन्शन स्पोर्टी आहे, सवय होईल. आमच्या धंद्यात 'स्पोर्टी' हा शब्द फार कामाचा. आवाज आला तरी स्पोर्टी, पाठ दुखली तरी स्पोर्टी.

पण त्यात अर्धं खरं असतं, म्हणून तो खपतो. २४५/४५ आर १८ हा अठरा इंची चाकाचा टायर घ्या. रुंदी २४५ मिलिमीटर, त्याच्या ४५ टक्के म्हणजे ११० मिलिमीटर उंचीची रबराची भिंत. तीच गाडी वीस इंची चाकांवर घेतली, २४५/३५ आर २०, तर ती भिंत ८६ मिलिमीटरवर येते. चाकाची बाहेरची उंची जवळपास तेवढीच राहते, फक्त रबर कमी होऊन धातू, म्हणजे अलॉय, वाढतो. खड्डा खाणारं रबर अडीच सेंटिमीटरने घटलं की तो खड्डा पाठीला कळणारच. त्यात रनफ्लॅट असेल तर भिंत आणखी कडक, कारण हवा गेल्यावरही तिने गाडी पेलायची असते. साधारण ८० किलोमीटर अंतर, ताशी ८० च्या आत. शोरूममध्ये वीस इंची चाक दिसायला देखणं असतं आणि टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावरून नेतात. बाईंनासुद्धा तिथूनच नेलं होतं.

पण डॉक्टरांची गाडी अठरा इंची होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

पाऊण तासाने बाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा. "अहो, एक विचारू? ही चार नंबरची आणि ती बाहेर उभी असलेली पांढरी, एकच मॉडेल ना?"

"हो मॅडम."

"मग ही पुढून आखूड का बेतलीय?"

मला कळेना. त्या उठल्या, पिशवीतून शिवणाचा टेप काढला, तोच तो पिवळा, कडा विरलेला. माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. डॉक्टरांच्या गाडीपाशी त्या उकिडव्या बसल्या. टेपचं टोक चाकाच्या मधोमध धरलं आणि टेप वर चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंत नेला. साडेअडतीस सेंटिमीटर. मग तशाच बाहेर जाऊन पांढरीचं माप घेतलं. साडेछत्तीस. परत येऊन दुसरी बाजू. तिथेही साडेअडतीस.

गाडीची उंची मोजायची आमची पद्धत हीच. चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत. फक्त आम्ही ती अपघाताच्या गाड्यांना वापरतो, तीन आठवड्यांच्या गाडीला टेप लावावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. चार जणांनी ती गाडी हाताळली होती, मी धरून. बाईंच्या डोळ्यांना घेर वर उचललेला दिसला, कारण आयुष्यभर त्यांनी तेच पाहिलं होतं.

गाडी लिफ्टवर घेतली. पुढचं चाक खोलून मी आत टॉर्च मारला. स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये काहीतरी बसलेलं, चिखलाने इतकं माखलेलं की स्प्रिंगचाच भाग वाटावं. बोटाने पुसलं. खालून भडक रंग निघाला.

ट्रान्सपोर्ट ब्लॉक.

कारखान्यातून निघालेली गाडी जहाजातून, ट्रेलरवरून येते, पट्ट्यांनी आवळून बांधलेली. वाटेत ती स्प्रिंगवर उसळून खालून घासू नये म्हणून काही मॉडेलांत पुढच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत हे ठोकळे घालून पाठवतात. स्प्रिंग पुरती दबतच नाही. आमच्याकडे आल्यावर पीडीआयमध्ये, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीत, ते काढायचे. टायरमध्ये प्रवासासाठी जास्त भरलेली हवा कमी करायची, बॅटरी वाचवायला घातलेला ट्रान्सपोर्ट मोड उठवायचा, आणि हे ठोकळे काढायचे. गाडी वर उचलली की स्प्रिंग सैल होते, ठोकळा हाताने ओढला की येतो. दोन्ही बाजूंचं मिळून पाच मिनिटांचं काम. नजरेतून सुटू नयेत म्हणूनच त्यांचा रंग भडक ठेवलेला असतो.

पीडीआयचा कागद मागवला. त्या ओळीपुढे बरोबरची खूण होती. त्या महिनाअखेरीला दोन दिवसांत चौदा गाड्या सोडल्या होत्या, आणि अशा दिवशी खुणा वरून खाली एका दमात होतात. खुणा करणाऱ्या पोराला काय बोलणार? कागदाच्या तळाला माझी सही होती.

मी मनात काय केलं ते सांगतो. ठोकळे काढायचे, खिशात टाकायचे, जॉब कार्डावर लिहायचं, 'सस्पेन्शन तपासून दुरुस्त केले'. डॉक्टर खूश, गाडी मऊ, विषय संपला. हे मनात यायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. ते झालं नाही, कारण पिवळ्या पट्टीपलीकडे टेप गुंडाळत बाई उभ्या होत्या.

डॉक्टरांना आत बोलावलं आणि दोन्ही ठोकळे त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. सगळं सांगितलं, सहीसकट. मला वाटलं आता आवाज चढणार. ते बराच वेळ ठोकळा उलटासुलटा करून बघत राहिले.

"म्हणजे मला भास होत नव्हता तर," ते म्हणाले. "घरी सगळे म्हणत होते, तुलाच नव्या गाडीत खोट काढायची हौस."

टणक सस्पेन्शनपेक्षा ते 'दोष आढळला नाही' त्यांना जास्त लागलं होतं, हे तेव्हा कळलं. अकराशे किलोमीटर अडकून राहिलेल्या स्प्रिंगा आणि वरची माउंटिंगं मी बदलायला काढली. इथे सेल्स मॅनेजर खाली आले. त्यांचं म्हणणं, वॉरंटीत टाक, कंपनी देईल. पण वॉरंटी कारखान्याच्या दोषाला असते. हा दोष आमचा होता, तेव्हा खर्चही आमचाच. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. त्यांचा खरा राग निराळा होता. "बुकिंगला आलेल्या बाईंसमोर हा तमाशा कशाला? बाजूला घेऊन सांगता आलं नसतं?"

आम्हाला प्रत्येक ट्रेनिंगमध्ये लेक्ससची गोष्ट सांगतात. १९८९ साली अमेरिकेत एलएस ४०० ही त्यांची पहिली मोठी सेडान आली. काही महिन्यांतच दोन ग्राहकांच्या तक्रारी आल्या. कंपनीने विकलेल्या आठेक हजार गाड्या बोलावल्या, घरून उचलल्या, दुरुस्त करून, धुऊन परत पोचवल्या. वीस दिवसांत. गोष्ट संपली की आम्ही टाळ्या वाजवतो. आमची आठ हजार नव्हती, एकच होती, आणि ती स्वतःच्या पायाने तिसऱ्यांदा आली होती.

बाई संध्याकाळपर्यंत थांबल्या. डॉक्टरांची गाडी खाली आल्यावर पुन्हा टेप लावला. साडेछत्तीस. मग केबिनमध्ये येऊन बसल्या आणि वही उघडली. दुसरीकडे त्याच प्रश्नाला, म्हणजे जास्त दिवस उभ्या गाडीच्या, 'आमच्याकडे गाडी उभी राहतच नाही' असं उत्तर मिळालं होतं. ते खरंही असेल. वर्कशॉप बघू म्हटल्यावर मात्र विम्याचं कारण सांगून त्यांना लाउंजमध्येच बसवलं होतं.

"मी तुमच्याकडून घेईन," त्या म्हणाल्या, "पण मला जे चाक दाखवलंय ते नको. तो पोरगा वीस इंची म्हणतोय. तुम्ही कुठलं घ्याल?"

"अठरा."

"आणि माझ्या गाडीचं ते पीडी काय ते, मी स्वतः बघणार. खालून."

अठरा इंची गाडी स्टॉकमध्ये नव्हती, दोन महिने थांबावं लागणार होतं. सेल्सच्या त्या पोराचा त्या महिन्याचा आकडा एकाने कमी पडला. पुढचे कित्येक दिवस तो मला कॅन्टीनमध्ये बघून न बघितल्यासारखं करायचा, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं.

गाडी आली. बाई ठरल्या वेळी हजर. रिबीन लावलेली, पुसून चकचकीत केलेली गाडी पुन्हा लिफ्टवर चढवायला लागली तेव्हा डिलिव्हरीवाल्या मुलीने डोक्याला हात लावला. बाईंनी हेल्मेट घातलं, टॉर्च घेतला आणि कागदावरची एकेक ओळ मला वाचायला लावली. टायरच्या भिंतीवरचे तारखेचे चार आकडे त्यांनी चारही चाकांवर वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, हे त्या आधीच शिकून आल्या होत्या. बॅटरीचं व्होल्टेज मीटरवर दाखवून घेतलं. स्प्रिंगमध्ये बोट घालून बघितलं. ठोकळे मी त्यांच्यासमोर काढले होते, तरीही. शेवटी टेप.

आठवड्याने त्यांना सर्व्हेचा फोन गेला. या सर्व्हेत दहापैकी नऊ किंवा दहा मिळाले तरच तो गुण धरतात. सात-आठ म्हणजे ना इकडचा ना तिकडचा, आणि सहा किंवा त्याखाली सरळ विरोधी पक्ष. हा हिशोब फ्रेड रायकेल्ड या अमेरिकन व्यवस्थापन सल्लागारांनी २००३ साली मांडला आणि आमच्या पगाराला तो येऊन चिकटला. म्हणून तर डिलिव्हरी देताना आमची पोरं गिऱ्हाइकाला सांगतात, फोन आला तर दहाच द्या हं. बाईंना तसं सांगायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

त्यांनी आठ दिले. शेरा असा: 'गाडी उत्तम. वर्कशॉप स्वच्छ. डिलिव्हरीला चाळीस मिनिटं उशीर.'

वरून खुलाशाचा फॉर्म आला. त्यात 'विलंबाचे कारण' असा एक रकाना असतो. मी लिहिलं, 'ग्राहक गाडीखाली होत्या.'