सत्तावीसचे बहात्तर : प्राथमिक वर्गातल्या ऑनलाइन साधनांचा माझा अनुभव

पहिली ते चौथीच्या मुलांना मोबाइलवर शिकवता येतं का, असं लोक मला अजूनही विचारतात. पालक विचारतात, नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षिकाही विचारतात. काही गोष्टी येतात, आणि त्यातल्या एकदोन तर वर्गापेक्षाही चांगल्या येतात. काही अजिबात येत नाहीत. कुठली गोष्ट कुठल्या बाजूची, हे मात्र आधी सांगता येत नाही. त्यासाठी मुलाच्या हाताकडे आणि ओठांकडे बघत बसावं लागतं.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा लहान. चार इयत्ता आणि आम्ही दोघी, म्हणजे जोडवर्ग आलेच. मुलं घरी कोंकणी बोलतात, थोड्यांच्या घरी कन्नड. मराठीशी त्यांची खरी गाठ शाळेतच पडते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. त्या वर्षी पहिलीत नाव घातलेल्या मुलांनी शाळेचा वर्ग आतून बघितलाही नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्ग पुन्हा नीट भरू लागले तेव्हा ती मुलं दुसरी संपवत आली होती.

सुरुवातीला आम्हीही सगळ्यांसारखा सकाळी दहाचा व्हिडिओ वर्ग ठेवला. अडचण लगेच दिसली. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो बापाबरोबर कामाला जातो. दहा वाजता जी मुलं दिसायची ती ज्यांच्या घरी दुसरा फोन होता तीच, म्हणजे ज्यांना माझी गरज त्यातल्या त्यात कमी होती तीच. बाकीच्यांच्या आया संध्याकाळी फोन करायच्या, "बाई, रेंज ना," म्हणजे रेंज नाही. त्या काळात सांगे आणि सत्तरी तालुक्यांतली मोठी मुलं नेटवर्कसाठी डोंगर चढतात अशा बातम्या पेपरात येत होत्या. सहा वर्षांच्या मुलाला कोण डोंगरावर नेणार? जुलै २०२० मध्ये केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसाला दोनच ऑनलाइन वर्ग, तेही फार तर पाऊण तासाचे, असं म्हटलं होतं. आमच्याकडे पाऊण तास सलग नेटवर्क टिकलं तर तीच बातमी व्हायची.

मग आम्ही व्हिडिओ वर्ग सोडला आणि संध्याकाळच्या व्हॉइस मेसेजवर आलो. मी दुपारी एक छोटा पाठ बोलून ग्रुपवर टाकायचे. बाप घरी आला की मूल तो ऐकायचं, पुस्तकातला एक उतारा मोठ्याने वाचायचं आणि रेकॉर्ड करून पाठवायचं. व्हॉइस मेसेजला डेटा फार लागत नाही आणि रेंज आली की तो आपोआप निघून जातो. रात्री जेवणं आटोपल्यावर मी ते एकेक ऐकायचे. मागे पत्र्यावर पडणारा पाऊस, कोंबडी, हळू आवाजात चुकलेला शब्द सांगणारी आजी, सगळं ऐकू यायचं.

आणि इथे मला अशी गोष्ट मिळाली जी वर्गात कधी मिळाली नव्हती. वर्गात आपण वाचायला लावतो तेव्हा बहुतेक वेळा सगळी मिळून वाचतात. दोनचार खडे आवाज पुढे असतात, बाकीचे त्यांच्या मागून अर्धा अक्षर उशिरा येतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं वर्ग वाचतोय. व्हॉइस मेसेजमध्ये प्रत्येक मूल एकटं असतं. एका मुलाने चित्राखालचा 'पाणी' हा शब्द स्वच्छ आवाजात 'उदक' असा वाचला. उच्चार ठाम, अडखळणं नाही. तो अक्षरं वाचतच नव्हता, चित्र बघून घरातला शब्द सांगत होता. समूहवाचनात हे 'उदक' बाकीच्यांच्या 'पाणी'त बुडून गेलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्याला मी चित्र नसलेले शब्द पाठवू लागले, कागदावर हाताने लिहून, फोटो काढून. तो कुठे अडकतो ते आठवडाभरात कळलं: काना सुटला की शब्द सुटायचा. तिथून त्याला वर काढणं कठीण नव्हतं.

वर्गात जी मुलं तोंड उघडत नाहीत त्यांच्यासाठी तर ही सोय मोठी होती. चूक झाली की रेकॉर्डिंग पुसायचं, पुन्हा करायचं, कोणी हसत नाही. आईच्या सांगण्यावरून कळायचं की पोरगी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचून मगच पाठवते. मी गृहपाठ म्हणून पाच वेळा वाचायला सांगितलं असतं तर कोणी वाचलं नसतं.

गणिताची गोष्ट वेगळी, आणि तिच्यावर मला जरा जास्त बोलायचं आहे.

शाळा उघडल्यानंतर आम्ही एका ॲपवर संख्यांच्या छोट्या चाचण्या घेऊ लागलो. आवाज येतो, 'सत्तावीस', आणि मुलाने खालच्या आकड्यांवर बोट टेकवून संख्या लिहायची. बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. दुसरीतली एक मुलगी, पाटीवर कधी न चुकणारी, तिथे सारखी लाल येत होती. सत्तावीसचे बहात्तर, पस्तीसचे त्रेपन्न. मी तिला पाटी आणि टॅब शेजारी शेजारी दिले आणि तोच आकडा दोन्हीकडे लिहायला सांगितला.

पाटीवर तिने 'सत्तावीस' ऐकल्याबरोबर आधी ७ काढला, उजवीकडे, डावीकडे मोकळी जागा ठेवून. मग हात मागे आणून त्या जागेत २ बसवला. पाटीवर २७ आले, अगदी बरोबर. टॅबवरही तिने तेच केलं, आधी ७ दाबला, मग २. पण टॅबवर जागा सोडता येत नाही. जो आधी दाबला तो डावीकडे जाऊन बसतो. पडद्यावर ७२ आले आणि लाल फुली.

म्हणजे मुलीला संख्या येत होती. ती आपल्या भाषेप्रमाणे लिहीत होती. मराठीत सात आधी आणि वीस नंतर बोलतो आपण, कोंकणीतही तसंच. ऐकलं तसं लिहायचं तर सात आधी येणारच. मी मग वर्गातल्या सगळ्यांचे हात बघितले. बरीच मुलं पाटीवर उजवीकडून डावीकडे दोन अंकी संख्या लिहितात. इतकी वर्षं उत्तर बरोबर येत असल्यामुळे ते कुणाच्या डोळ्यांत येत नव्हतं. आणि घरी कन्नड बोलणारी दोन मुलं टॅबवर बहुतेक वेळा बरोबर होती. त्यांच्या भाषेत 'इप्पत्तेळु', वीस आधी आणि सात नंतर. ती मनातल्या मनात घरच्या भाषेत मोजत होती असं मला वाटतं.

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीस सोबत 'वीस सात' असंही वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तो आठवत असेल. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि मुलांची जोडाक्षरांची व उलटसुलट अंकांची अडचण कमी व्हावी हा हेतू त्यांनी परोपरीने समजावून सांगितला होता. आपली मराठी संख्यानामं जावीत असं मला मुळीच वाटत नाही. ती मुलांच्या कानात बसलेली हवीत. पण त्या अडचणीवर हसणाऱ्यांनी एकदा दुसरीच्या मुलाचं बोट आकड्यांच्या बटनांवर फिरताना बघावं.

त्यावर आम्ही केलं ते असं. ॲपवरची चाचणी काही दिवस बाजूला ठेवली आणि काजूच्या बिया आणल्या. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये बियांना तोटा नाही. मुलं आईवडिलांबरोबर बागेत जातात, बिया पिळून वेगळ्या करतात, बियांचा खेळ खेळतात. दहा बिया एका करवंटीत, असं दशकाचं घर. सुट्या बिया जमिनीवर, ते एककाचं घर. 'सत्तावीस' म्हटलं की मूल आधी सात सुट्या बिया ठेवायचं, मग त्यांच्या डावीकडे दोन करवंट्या. ठेवून झालं की डावीकडून वाचायचं आणि वाचता वाचता टॅबवर दाबायचं: दोन करवंट्या, २, सात सुट्या, ७. ऐकणं आणि दाबणं यांच्यामध्ये बघण्याची एक पायरी आली आणि लाल फुल्या कमी होत गेल्या. हे मी फोनवर चित्रित करून पालकांच्या ग्रुपवर टाकलं. माझे हात, करवंट्या, बिया आणि माझा आवाज, एवढंच. शेजारच्या शाळेतल्या शिक्षिकेने ते मागून नेलं.

तयार व्हिडिओंबद्दल थोडं सांगते. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर मराठीतलं साहित्य भरपूर आहे आणि त्यातलं बरंच चांगलं आहे. पण ते बहुतेक महाराष्ट्रातल्या मुलांसाठी केलेलं. त्यात ऊस, ज्वारी, बैलगाडी. आमच्या मुलांना भात, माड, कुळागर (पोफळी-माडांची बाग), बांगडे माहीत. मोठ्या मुलाला फरक पडत नाही, पहिलीच्या मुलाला पडतो, कारण त्याला एकाच वेळी नवा शब्दही शिकायचा असतो आणि नवी वस्तूही. म्हणून पहिली-दुसरीसाठी मी स्वतःचे लहान व्हिडिओ करते, दोन मिनिटांच्या आतले. तिसरी-चौथीला 'दीक्षा'वरचे चालतात. गुगलचं 'रीड अलाँग' हे वाचनाचं ॲप मराठीतही वाचून घेतं आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसलं तरी चालतं, म्हणून पावसाळ्यात त्याचा आम्हाला उपयोग झाला. शब्द अडला की त्यावर बोट ठेवायचं, आवाज तो म्हणून दाखवतो. जोडवर्गात मी एका इयत्तेकडे असताना शेजारच्या इयत्तेतली दोन मुलं कोपऱ्यात बसून वाचत राहतात, ही सोय मी कमी लेखणार नाही.

पावसाळा हा आमच्याकडे वेगळाच विषय. जुलै २०२१ मध्ये म्हादई नदीला पूर आला, सत्तरीत घरं पडली. तेव्हा ऑनलाइन शिक्षण म्हणजे काय उरलं होतं? वीज नाही, काही घरांतले फोन भिजलेले, पुस्तकंही गेलेली. त्या दिवसांत आम्ही दोघींनी घरोघरी जाऊन हाताने लिहिलेले अभ्यासाचे कागद दिले आणि पुढच्या वेळी जाऊन ते तपासून आणले. कुठलीही योजना करताना जून ते सप्टेंबर हे महिने आधी डोळ्यांसमोर ठेवावेत, असं मला तेव्हापासून कळकळीने वाटतं.

पडद्यावर जे आलं नाही ते शाळा उघडल्यावर दिसलं. पेन्सिल मुठीत धरणारी दुसरीची मुलं. अक्षर ओळखायचं पण लिहायचं कुठून सुरू करायचं ते ठाऊक नाही, 'क' खालून वर. फोटोत अक्षर बरोबर दिसतं, ते कुठल्या दिशेने काढलं ते दिसत नाही. सत्तावीसची गोष्ट आणि ही गोष्ट मला एकच वाटते. शेजारच्याला खोडरबर देणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हेही त्यांना नव्याने शिकवावं लागलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राचं 'निपुण भारत' अभियान आलं होतं, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा असं त्याचं ध्येय, आणि त्यासाठी 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षणाचे बारा ऑनलाइन अभ्यासक्रम. ते मी रात्री केले. मुलाच्या घरच्या भाषेचा आधार घ्या, हे त्यात वाचलं तेव्हा 'उदक' वाचणारा तो मुलगा आठवला.

आता आमचं ठरून गेलं आहे. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक मूल एक उतारा वाचून पाठवतं, अजूनही. वर्गात टॅब वाचनाला आणि ऐकायला. लिहिणं पाटीवर आणि वहीत, माझ्यासमोर. चाचणी टॅबवर घेतली तर लाल आलेलं प्रत्येक उत्तर मी मुलाकडून पाटीवर पुन्हा करून घेते आणि मगच नोंद करते.

प्रशिक्षणात आमचं मत विचारलं जातं तेव्हा मी एक मागणी दर वेळी लिहून देते. मराठी आणि कोंकणी मुलांसाठी गणिताची ॲप करणाऱ्यांनी दोन अंकी संख्येला दोन वेगळी घरं द्यावीत, दशकाचं आणि एककाचं, आणि मूल आधी कुठलंही घर भरू दे. एवढा बदल झाला तर पाटीवर बरोबर असलेलं मूल टॅबवरही बरोबर येईल.