बुलढाणा-वाशिमला वेगळं विद्यापीठ पाहिजे, पण कसं ते आधी ठरवू

वेगळ्या विद्यापीठाचा विषय निघाला की आमच्याकडे पहिला प्रश्न हाच येतो, कशाला पाहिजे? कॉलेज मेहकरला आहे, लोणारला आहे, चिखलीला आहे, पेपर तिथेच होतात, फॉर्म मोबाईलवर भरता येतो, मार्कशीट डिजिलॉकरला सापडते, मग आमच्या आत्ताच्या विद्यापीठाचे कुलगुरू अमरावतीला बसले काय अन बुलढाण्याला बसले काय. प्रश्न चुकीचा नाही. बीए, बीएस्सीपर्यंत खरंच फार फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याच्या पुढे, अन आमची पोरं, त्यातही पोरी, नेमक्या तिथेच थांबतात.

कुठपर्यंत शिकायचं हे आमच्याकडे बऱ्याचदा डबा ठरवतो. तालुक्याच्या गावी रूम करून राहणाऱ्या पोरांचा डबा सकाळच्या पहिल्या एसटीत येतो, आई फडक्यात घट्ट बांधून ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर ठेवते, झाकणावर ऑइल पेंटने नाव लिहिलेलं असतं, स्टँडवर पोरगं वाट पाहत उभं असतं अन कालचा रिकामा डबा त्याच गाडीने परत जातो. मेहकर, चिखली, फार तर बुलढाणा, इथपर्यंत हे जमतं. अमरावतीला डबा जात नाही. लोणारहून अमरावती दोनशे किलोमीटरच्या आसपास, गाड्या बदलत गेलं तर दिवस त्यातच जातो. मग रूमचं भाडं, डिपॉझिट, मेस, अन सणावाराला येणं-जाणं. बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी सरकारनं माफ केली, तेही चांगलंच झालं, पण फी माफ झाली म्हणून रूमभाडं काही माफ होत नाही, अन साधं एमए, एमएस्सी तर त्या माफीत बसतच नाही.

माझ्या चुलत भावाची पोरगी बीएस्सीला कॉलेजात वरच्या नंबरात होती, एमएस्सीला विद्यापीठाच्या डिपार्टमेंटला तिचा नंबर लागला. मी भावाला म्हटलं, पाठव. तो म्हणाला, "पाठोतो ना भाऊ, मले काय हाऊस हाये का पोरीले घरी ठेवायची? पन सोयाबीनच्या पैशात हे बसते का तूच सांग." त्या वर्षी हमीभाव ४८९२ होता अन बाजारात सोयाबीन चार हजाराच्या आगेमागे जात होतं. मला त्याला काही सांगता आलं नाही. पोरगी आता तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून तलाठी भरतीची तयारी करते. जिल्ह्यात एमएस्सी असलेली कॉलेजं आहेत, नाही असं नाही, पण विषय मोजके अन जागा त्याहून मोजक्या. तिला रिसर्च करायचा होता, तलाठी व्हायचं नव्हतं, एवढंच मला म्हणायचंय.

आता कोणी म्हणेल एका भागासाठी वेगळं विद्यापीठ म्हणजे जास्तच झालं. तर १९८३ च्या आधी अख्ख्या विदर्भाला नागपूर विद्यापीठ होतं, १९२३ चं. बुलढाण्याच्या पोराची डिग्री साडेतीनशे किलोमीटरवरून यायची. मग अमरावती वेगळं झालं, आजच्या पाच जिल्ह्यांसाठी. २०११ ला चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना झालं. सोलापूरला तर २००४ पासून एकट्या जिल्ह्याचं विद्यापीठ आहे, साताऱ्याला कॉलेजांचा समूह करून विद्यापीठ झालं. मग बुलढाणा अन वाशिमनं मागितलं तर त्यात जास्तीचं काय आहे? वाशिमला २०१८ साली नीती आयोगानंच आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत घातलंय, आकांक्षा आहे हे दिल्लीनं मान्य केलंय म्हणजे. अन अमरावती विद्यापीठ ज्यांच्या नावानं आहे ते गाडगेबाबा आयुष्यभर गावोगाव हेच सांगत फिरले, की जेवायची भांडी मोडा पण लेकराला शिकवा. आमच्या भागातल्या लोकांनी भांडी मोडून झाली, आता शिकायची जागा जवळ आणा.

पण विद्यापीठ म्हणजे नुसतं परीक्षा घ्यायचं ऑफिस असेल तर मला ते नको. ते काम अमरावतीहून चाललंच आहे. मला पाहिजे ते इथल्या मातीचं. लोणारचं सरोवर घ्या, उल्का पडून बेसॉल्टच्या खडकात झालेलं, जगात अशी ठिकाणं बोटावर मोजण्याएवढी. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला गेले, पुण्याच्या आघारकर संस्थेला गेले, अन तिथून कळलं की खारटपणा वाढल्यामुळे हॅलोआर्किया नावाचे गुलाबी रंग तयार करणारे सूक्ष्मजीव वाढले होते. त्यांनी काम चांगलं केलं. पण लोणारच्या पोरानं ते बातमीत वाचलं, ज्या तळ्याच्या काठानं तो शाळेच्या सहलीला गेला त्याच्या पाण्याची स्लाइड त्यानं स्वतः मायक्रोस्कोपखाली कधी पाहिली नाही.

दुसरं, खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेला भाग. पूर्णेच्या काठचा, आमच्या जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. खारं पाणी पिऊन पिऊन किडनीचे पेशंट झालेली गावं आहेत तिकडे, घराघरात डायलिसिस हा शब्द म्हाताऱ्या आज्यांनासुद्धा माहीत झालाय. जमिनीवर, पिकावर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काम होतं, ते १९६९ पासूनचं आहे, पण माणसाच्या पोटात जाणाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षं नमुने घेणारी, त्याच गावातल्या पोरांना ते शिकवणारी एक लॅब शेगाव-खामगावच्या बाजूला का असू नये? नवीन शैक्षणिक धोरणात डिग्रीचं चौथं वर्ष आलंय, ऑनर्स अन रिसर्चचं, ते करायला लॅब अन गाइड लागतात, ते खेड्यातल्या कॉलेजनं आणायचे कुठून?

म्हणून माझं म्हणणं असं की सगळं एका कॅम्पसात कोंबू नका. भूगर्भशास्त्र अन मायक्रोबायोलॉजी लोणारला, पाण्याचं खारपाणपट्ट्यात, ऑफिस कुठेही ठेवा. नाहीतर होणार काय, की बुलढाणा की खामगाव की वाशिम यावरच दहा वर्षं जातील, कारण बुलढाणा घाटावर एका टोकाला, खामगावला बाजारपेठ मोठी, वाशिमवाले म्हणणार आम्हाला बुलढाण्यापेक्षा अमरावतीच बरी, अन ते चूकही नाहीत. मग नावाची चर्चा. सिंदखेड राजा आमचं आहे, जिजाऊंचं नाव द्यावं असं मलाही मनापासून वाटतं, पण नाव शेवटी ठरू द्या. आधी प्राध्यापकांच्या जागा किती, कायम किती, मुलींचं हॉस्टेल किती बेडचं, हे जीआरमध्ये लिहून घ्या. तासिका तत्त्वावर रिसर्च होत नाही, दर जूनला नवीन सर येणार असतील तर पीएचडीचा गाइड कोण होणार.

१२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला सगळ्या पक्षांचे लोक सिंदखेड राजाला येतात, निवेदन तिथेच द्यायचं म्हणतोय. फक्त 'विद्यापीठ झालेच पाहिजे' एवढ्या एका ओळीचं नको, वर लिहिलं ते सगळं मुद्द्यांसकट पाहिजे. मसुदा मी लिहायला घेतलाय. वाशिम अन रिसोडकडच्या कोणी वाचलं तर तुमच्याकडच्या पोरी बीएस्सीनंतर कुठे जातात, कुठल्या विषयासाठी जातात, अन गेल्या नाहीत तर का, ते मला कळवा, तुमच्या बाजूचं मला नीट लिहिता येईना.