बर्डच्या ‘आवे वेरुम’मधले दोन निषाद

चार मिनिटांची रचना, चारच आवाज, बहुतेक ठिकाणी सगळे एकदमच शब्द म्हणतात. म्हणून नवा क्वायर (गायकवृंद) ‘आवे वेरुम कॉर्पुस’ हे लॅटिन स्तोत्र आधी उचलतो, आणि पहिल्याच ओळीत अडकतो.

इंग्रज संगीतकार विल्यम बर्डने ही रचना 1605 च्या ‘ग्रादुआलिया’ या आपल्या संग्रहात छापली. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक मिस्सा (मुख्य उपासना) बेकायदा होती. हे पुस्तक जवळ सापडलं म्हणून लंडनमध्ये एका फ्रेंच माणसाला अटकही झाली. गाणारे मूठभर, तेही कुणाच्या तरी घरात, दारं लावून. त्यामुळे ठाण्यातल्या दहा-बारा जणांच्या गटाला ही रचना चपखल बसते. चार सोप्रानो (सर्वात उंच आवाज), तीन आल्टो, दोन टेनर, तीन बास (सर्वात खालचा) पुरे. चाळीस जणांनी गायली की ती जाड होते.

आता अडचण. पेटीची पांढरी पाच ‘सा’ धरा. ‘आवे’वर सोप्रानो काळी तीनवर येतो, म्हणजे शुद्ध नी. लगेच ‘वेरुम’ला बासमध्ये पांढरी चार, म्हणजे कोमल नी. ‘वेरुम’ म्हणजे खरं, सारा जोर त्याच शब्दावर. देस, खमाज ऐकलेल्या कानाला दोन्ही निषाद नवे नाहीत, पण तिथे ते एकाच गळ्यात, आरोह-अवरोहाच्या वाटेने येतात. इथे ते वेगवेगळ्या गळ्यांत पाठोपाठ येतात. बासचा कान सोप्रानोच्या नीला चिकटतो आणि तो आपला सूर नकळत वर ‘सुधारतो’. चूक कानाला गोडच लागते, म्हणून पकडली जात नाही.

उपाय साधा. बाकीचे गप्प. तानपुऱ्यावर बासने फक्त आपली ओळ पाच वेळा म्हणायची, मग सोप्रानोसोबत, अगदी संथ. मींड नको, गमक तर नकोच. हार्मोनियम पहिल्या स्वरमेळापुरती (एकदम वाजणाऱ्या सुरांपुरती) वाजवून बंद करा, नाहीतर लोक एकमेकांचं ऐकणं सोडून पेटीच्या मागे जातात.

लॅटिन उच्चारात आपण नशीबवान आहोत. ‘नातुम’, ‘लातुस’मधला त आपल्या ‘ताक’मधला. इंग्रजी शाळेच्या सवयीने तिथे ट घुसतो, तेवढा काढा. ‘क्रुचे’, ‘दुल्चिस’ला च, ‘ओमिने’त ह नाही.

‘ओ दुल्चिस’पासून ‘मिसेरेरे मेई’पर्यंतचा भाग दोनदा येतो आणि सूर उतरतो तो इथेच. उतरती ओळ, संपत आलेला श्वास आणि ‘मेई’ला मिटणारा जबडा. पहिल्या खेपेला कळत नाही, दुसऱ्या खेपेला सगळेच खाली गेलेले असतात. सरावात पहिली खेप संपताच थांबून पेटीवर सा तपासा. श्वास एकदम घेऊ नका, शेजाऱ्याशी ठरवून आळीपाळीने घ्या.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये फॉल्स सीलिंग आवाज गिळतं, म्हणून लोक ओरडायला लागतात. त्यापेक्षा अर्धवर्तुळात, सोप्रानो-बास असे वेगवेगळे आवाज शेजारी येतील असे उभे राहा. पंखे बंद. ऑक्टोबरात ठाण्यात ही शिक्षाच, पण पंख्याच्या घरघरीला गळा नकळत सूर लावतो. एकदा तरी तलावपाळीवरच्या सेंट जॉन द बाप्टिस्टसारख्या जुन्या चर्चमध्ये गाऊन बघा. उंच छताखाली तीच मंडळी हळू गातात.

शेवटच्या ‘आमेन’ला कोमल ग जाऊन शुद्ध ग येतो. तो ज्याच्या वाट्याला असेल त्याने तो जोरात मारू नये. बाकीच्यांचा सा आणि प आधी स्थिरावू द्यावा, मग त्यात अलगद ठेवावा.