रोजनिशी : बटण दाबण्याआधी

आज वैमानिक कॅडेट्सच्या रेडिओ-वर्गाचा विषय रीडबॅक, म्हणजे टॉवरने सांगितलेलं परत म्हणून दाखवणं. पण पहिली वीस मिनिटं बटणातच गेली. नवी बॅच आली की जातातच.

पीटीटी, म्हणजे रेडिओवर बोलायचं बटण, दाबता दाबताच कॅडेट बोलायला लागतो. ट्रान्समीटर जागा होईपर्यंत सुरुवातीचा तुकडा गेलेला असतो. ‘नागपूर टॉवर’मधलं ‘नाग’ गायब, समोर पोचतं नुसतं ‘पूर टॉवर’. शेवटाला उलटी घाई. वाक्य संपायच्या आत बोट उचललं जातं आणि कॉलसाइनचं (विमानाच्या रेडिओवरच्या नावाचं) शेवटचं अक्षर कापलं जातं. म्हणून दाबा, मनात ‘एक’ म्हणा, बोला, पूर्ण संपवा, मग सोडा. माइक ओठांना टेकेल इतका जवळ, पण किंचित कोपऱ्याकडे. थेट तोंडासमोर असला की प्रत्येक ‘प’ आणि ‘ब’ फुटतो.

त्याआधीची पायरी ऐकण्याची, आणि तीच सगळ्यात कच्ची. नवीन फ्रिक्वेन्सी लावली की आधी कान द्यायचा. टॉवरने कुणाला काही विचारलं असेल तर त्याचं उत्तर येऊन जाईपर्यंत गप्प. विमानातला व्हीएचएफ रेडिओ एएम पद्धतीचा आहे. दोघे एकदम बोलले की ऐकणाऱ्याच्या कानात शीळ वाजते. बोलणाऱ्या दोघांना मात्र पत्ताच नसतो, कारण बटण दाबलेलं असताना त्यांना काही ऐकू येत नाही.

टेनेरिफ, 27 मार्च 1977. बेटावरच्या विमानतळावर, धुक्यात, केएलएम कंपनीच्या विमानाचा को-पायलट म्हणाला, ‘वी आर नाउ अ‍ॅट टेक-ऑफ.’ टॉवरकडून ‘ओके’ आलं. त्यापुढचं थांबायला सांगणारं वाक्य आणि त्याच रनवेवरच्या दुसऱ्या विमानाचं, म्हणजे पॅन अ‍ॅमचं ‘आम्ही अजून रनवेवरच आहोत’ एकाच वेळी हवेत गेली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचलं ते ‘ओके’ आणि त्यामागची शीळ. दोन्ही विमानं धडकली, 583 माणसं गेली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता फक्त टेक-ऑफचा क्लिअरन्स (परवानगी) देताना, रद्द करताना आणि तो परत म्हणताना वापरायचा. आपण तयार असलो तर ‘रेडी फॉर डिपार्चर’. आणि ‘ओके’ वर्गाच्या बाहेर ठेवून यायचं.

आकड्यांवर आज बराच वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा. आपल्याला ‘थ्री’ सहज जमतं, त्यामुळे ‘ट्री’ म्हणताना पोरं हसतात. पण रेडिओच्या खरखरीत ‘थ’ची हवा विरून जाते, ‘ट’ टिकतो. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’मध्ये मधला ‘आइ’ तेवढा स्पष्ट ऐकू येतो, कडेची व्यंजनं बुडतात. म्हणून ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’. आपली खास खोड वेगळीच आहे, फोन नंबर सांगायची. स्क्वॉक, म्हणजे रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड, 4400 दिला की ‘डबल फोर, डबल झीरो’. नाही. चारही आकडे सुटे : फोअर, फोअर, झीरो, झीरो. फ्रिक्वेन्सीत ‘पॉइंट’ही नको, ‘डेसिमल’.

उंची सांगताना आणखी एक खड्डा आहे. 19 फेब्रुवारी 1989, क्वालालंपूरजवळ सुबांग. कंट्रोलर म्हणाला ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’, म्हणजे 2400 फुटांवर उतरा. त्यातला ‘टू’ हा आकडा होता. फ्लायिंग टायगरच्या मालवाहू 747 मध्ये तो ‘पर्यंत’ असा ऐकला गेला. रीडबॅक 400 चा आला, तो कुणी पकडला नाही, विमान टेकडीवर आदळलं. चौघेही गेले. नीट म्हणायचं तर ‘डिसेंड टू अल्टिट्यूड टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’. मध्ये ‘अल्टिट्यूड’ आला की दोन ‘टू’ वेगळे पडतात.

मग रीडबॅक. रूट क्लिअरन्स, रनवेवर येणं, उतरणं, टेक-ऑफ, ओलांडणं, बॅकट्रॅक (रनवेवरून उलट दिशेने जाणं), होल्ड शॉर्ट (रनवेच्या अलीकडे थांबणं), वापरातला रनवे, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक, लेव्हल (उंची), हेडिंग (दिशा), वेग, ट्रान्झिशन लेव्हल (उंचीमापकावरचा दाब जिथे बदलतात ती उंची), नवी फ्रिक्वेन्सी : हे सगळं शब्दशः परत, सोबत कॉलसाइन. ‘होल्ड शॉर्ट रनवे वन फोर’ला ‘रॉजर’ हे उत्तरच नाही. रॉजर म्हणजे ‘ऐकलं’, ‘करतो’ नव्हे. आणि ‘विल्को’ (‘समजलं, करतो’) इथे चालणार नाही. ‘होल्डिंग शॉर्ट रनवे वन फोर’ असंच यायला हवं. अटीचा क्लिअरन्स (‘अमुक विमानाच्या मागून या’) असेल तर अटही परत म्हणायची, दोन्ही टोकांच्या ‘बिहाइंड’सकट. वारा परत म्हणायची गरज नाही. पोरं नेमकं तेच उत्साहाने म्हणतात आणि क्यूएनएच विसरतात.

सरावासाठी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून. समोरासमोर बसवलं की माना डोलतात, डोळ्यांनी हो-नाही होतं आणि रेडिओ उरतच नाही. एक टॉवर, एक विमान. मांडीवर नीबोर्ड (लिहायची छोटी पाटी), त्यावर फक्त आकडे आणि बाण, पूर्ण शब्द लिहायचे नाहीत. विमानाच्या बाजूला चिठ्ठी देऊन मुद्दाम चुकीचा रीडबॅक करायला लावायचा, क्यूएनएच 1010 ऐवजी 1001. टॉवरवाल्याने पकडला नाही तर दोघांनी परत पहिल्यापासून. वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या वर नाही. पन्नास शब्दांचा उतारा हातात द्यायचा आणि घड्याळ लावायचं. तिसाव्या सेकंदाच्या आत संपला तर घाई. बहुतेकांचा विसाव्यालाच संपतो.

‘अफर्मेटिव्ह’ आज चारदा ऐकू आलं. ‘निगेटिव्ह’चं आणि त्याचं शेपूट एकच आहे, पुढचा भाग कापला गेला की हो आणि नाही सारखेच. ‘अफर्म’ एवढंच.

उद्या रेडिओ बंद पडणं. 7600, म्हणजे रेडिओ बंद पडल्याचा स्क्वॉक, फळ्यावर पहिला नको, शेवटी लिहायचा. आधी व्हॉल्यूम, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण), फ्रिक्वेन्सी, ऑडिओ पॅनेलवर निवडलेला रेडिओ संच, आणि हेडसेटचे दोन्ही जॅक. ते निम्मे बाहेर सरकलेले असतात.